परत आलेल्या माणसाच्या शेवया

फाटक वाजलं म्हणून मी मशीनवरून मान वर केली, तर चिनी कारखान्यातले गाओकाका उभे. त्यांचीच पँट माझ्या हातात होती. कंपनीनं दिलेल्या पँटी सगळ्या ताडमाड माणसांच्या मापाच्या आणि गाओकाका माझ्या खांद्याला लागतील एवढे, त्यामुळे पायाची मोरी दुमडून शिवायचं काम माझ्याकडे यायचं. रविवारची सकाळ होती, आणि मला वाटलं, बाबा घाईला आला पँटच्या.

"अजून व्हायचीय," मी हात हलवून सांगितलं. "शाम को."

पण ते पँटसाठी आले नव्हते. इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस पाण्यानं चापून बसवलेले. मागे मिस फान, कंपनीच्या ऑफिसात बसणारी, चोवीस-पंचवीसची पोर. दोघांच्या हातात लाल पिशव्या. सगळं जोडीनं: मिठाईचे दोन खोके, सफरचंदाच्या दोन पिशव्या. आणि गाओकाकांच्या पिशवीतून एक लांबलचक लाटणं बाहेर डोकावत होतं. पाहुणा लाटणं घेऊन आलेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

गाओकाका पायरीपाशी थांबले, माझ्याकडे बघून हसले आणि कारखान्यात शिकलेल्या हिंदीत म्हणाले, "भाभी, बहुत खुशी. आपका आदमी घर आया."

मशीनवरचे माझे पाय थांबले. मी त्यांच्या मागे पाहिलं, फाटकाकडे. मला वाटलं, हेच घेऊन आलेत त्याला. रस्त्यात भेटला असेल, लाजून तिकडे उभा राहिला असेल. मी उठले, पायरी उतरले, गाओकाकांना ओलांडून थेट फाटकापर्यंत गेले. बाहेर समोरच्यांची स्कूटर उभी होती आणि एक कुत्रं तिच्या सावलीत झोपलं होतं. दुसरं कुणीही नव्हतं.

वळून पाहिलं तोवर गाओकाका दारात पोचले होते. आत आई, म्हणजे माझ्या सासूबाई, फोनच्या स्टुलाजवळच्या आपल्या खुर्चीत मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांच्यापुढे गाओकाका कमरेत वाकले.

"माताजी," ते म्हणाले, "बेटा आया. बहुत अच्छा."

आईंच्या हातातली जुडी तशीच राहिली.

आता तो बेटा कोण, ते सांगायला हवं. माझ्या नवऱ्याचं नाव यशवंत. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, मीही कधी घेतलं नाही. पण आता घेते. त्या घरात इतकी वर्षं ते कुणी घेतलंच नाही, निदान मी तरी घ्यावं.

यशवंत ट्रक चालवायचा. चाकणहून नव्या गाड्या लादून लांब लांब जायचा, गुजरात, राजस्थान, कुठं कुठं. आबा, म्हणजे माझे सासरे, गेले तेव्हा तो असाच कुठंतरी रस्त्यावर होता आणि फोन लागत नव्हता. किती थांबवणार? भाऊबंदांनी उरकून घेतलं, पाणी पुतण्यानं पाजलं. यशवंत पोचला तेव्हा लोक आंघोळ करून बसले होते. आई भिंतीला टेकून होत्या. त्यांनी मान वर केली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आता कशाला आलास? पुन्हा तोंड दाखवू नकोस मला."

दुःखात माणूस बोलतं. मी यशवंतला तेच समजावलं. तो काही बोलला नाही. तेराव्यापर्यंत राहिला, सगळं रीतसर केलं, मग ट्रक घेऊन गेला. इंदूरला ट्रान्सपोर्टच्या आवारात ट्रक लावला, चावी ऑफिसात दिली, आणि चालत निघून गेला. एवढंच कळलं. आम्ही पोलिसांत गेलो, पेपरात फोटो दिला, इंदूरला दोनदा जाऊन आलो. सापडायला तो हरवलेला नव्हता ना. तो निघून गेला होता.

त्यानंतर आईंनी त्याचं नाव घेणं बंद केलं. कुणी काढलं तर उठून आत जायच्या. मग आम्हीही थांबलो. घरात आम्ही तिघी: आई, मी, आणि हेमाताई, माझी थोरली नणंद. ताईंनी लग्न केलं नाही, हायस्कूलला इंग्रजी शिकवायच्या, आणि संध्याकाळी त्या चिनी कारखान्यात जाऊन तिथल्या लोकांना इंग्रजी बोलायला शिकवायच्या. ताई शिकवून यायच्या, मी शिवायचे, आई निवडायच्या, टिपायच्या, देवाला फुलं घालायच्या. तिघींच्या डोक्यात एकच माणूस, आणि जेवताना बोलायचो आम्ही आमटीत मीठ कमी पडल्याबद्दल. माझं कुंकू मी लावत होते. ते कुणाच्या नावाचं, हेही कुणी विचारत नव्हतं.

आणि त्या घरात गाओकाका लाटणं घेऊन उभे होते.

ताई न्हाणीतून बाहेर आल्या, डोक्याला पंचा गुंडाळलेला. पाहुण्यांना बघून आधी हसल्या. तेवढ्यात मिस फाननं त्यांचे दोन्ही हात धरले आणि इंग्रजीत भराभर काहीतरी बोलली. त्यातलं ब्रदर मला कळलं. ताईंचं तोंड पांढरं पडलं. त्या माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

"काय सांगितलंत तुम्ही त्यांना?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"काही सांगितलं नाही गं. शिकवलं." त्या ओट्याला टेकल्या. "टर्न अप शिकवत होते. एका शब्दाचे चार अर्थ. रेडिओचा आवाज वाढवणं. पँटची मोरी दुमडणं, तुझंच उदाहरण दिलं. हरवलेली किल्ली सापडणं. आणि चौथा, ज्याची आशा सोडली ते माणूस दारात येऊन उभं राहणं. त्याला उदाहरण हवं होतं."

"मग?"

"मग मी लिहिलं फळ्यावर. माझा भाऊ काल घरी आला."

मी पाहुण्यांच्या पाण्यासाठी तांब्या उचलला.

"उदाहरणं काय, खोटीच असतात, उज्ज्वला. रोज देतो आम्ही. माझा मामा दिल्लीला राहतो, माझ्याकडे तीन मांजरं आहेत. कुणी विचारतं का, मांजरं कुठायत म्हणून? पण ह्यांनी विचारलं. किती वर्षांनी आला? बारीक झालाय का? आई रडली का? मला वाटलं, प्रश्न विचारायचा सराव करताहेत. चांगले प्रश्न होते, म्हणून मीही उत्तरं दिली." त्यांनी पंचाचं टोक डोळ्यांना लावलं. "पहिली एक-दोन उत्तरं सराव म्हणून दिली. मग मला थांबवेना. सगळं सांगितलं मी. कसा आला, काय घातलं होतं, तू काय केलंस. अख्खा तास गेला. मला इतकं बरं वाटलं गं."

मला त्यांचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. माझा नवरा फळ्यावर आला होता आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या बोलत होत्या तसं माझ्या मनात येत होतं, मीही विचारलं असतं. बारीक झालाय का, हेच आधी विचारलं असतं.

"आता जाऊन खरं सांगा त्यांना," मी म्हटलं.

"कसं सांगू? खोके घेऊन आलेत."

"मग आईंना सांगा निदान."

ताई काही म्हणणार, तेवढ्यात बाहेरून आईंचा आवाज आला.

"बसा, बसा," आई म्हणत होत्या. "यशा बाहेर गेलाय. येईल एवढ्यात."

मी दाराशी गेले. आई खुर्चीतून उठल्या होत्या. पदर नीट घेतला होता. त्यांनी गाओकाकांना सोफ्यावर बसवलं, मिस फानच्या हातातली पिशवी दोन्ही हातांनी घेतली, आणि मला म्हणाल्या, "उज्ज्वला, पाणी आण. आणि हेमा, तू अशी ओल्या केसांनी काय उभी? ये इथं, मी बोलते ते सांग त्यांना."

त्यांच्या तोंडून यशा ऐकून मी तांब्या घेऊन दारातच उभी राहिले.

मग गाओकाकांनी लाटण्याचा खुलासा केला. ताईंनी तो मराठीत सांगितला. त्यांच्या गावाकडे घरातून निघालेल्याला एक खाऊ घालतात आणि परत आलेल्याला दुसरं. परत आलेल्याला लांब शेवया. शेवया पायात गुंतून राहतात, मग माणूस पुन्हा जात नाही. घरच्या माणसानं किंवा वडीलधाऱ्या पाहुण्यानं केल्या तरी चालतात. गाओकाका स्वतः वर्षाकाठी एकदा घरी जातात तेव्हा त्यांची म्हातारी आई त्यांना त्या करून घालते. यंदा त्यांना सुट्टी मिळाली नव्हती.

"मग चला की," आई म्हणाल्या. "शेवया काय, मीही करते."

गाओकाकांनी आमच्या ओट्यावर कणीक मळली. काय मळली. ती दणादणा आपटली, ओढली, घडी घातली, पुन्हा ओढली. आई शेजारी स्टूल घेऊन बसल्या आणि सूचना करत राहिल्या, मराठीत, आणि गाओकाका मान डोलवत राहिले, चिनीत. आमच्याकडे पाणी कमी घालतो, आई म्हणाल्या. गाओकाकांनी पाणी घातलं. आई म्हणाल्या, ऐकत नाही बघ, यशासारखाच आहे.

आणि मग त्या सुरू झाल्या. यशा लहानपणी कच्च्या शेवया कशा चोरून खायचा. खाटेवर वाळत घातलेल्या शेवयांवर एकदा झोपला आणि अंगभर रेघा उठल्या. यशाला पोहायला आबांनी विहिरीत ढकलून शिकवलं, तर वर आल्यावर आबांशी दोन दिवस बोलला नाही. यशाला राग आला की बोलत नाही, निघून जातो, शेतात जाऊन बसतो. लहान होता तेव्हा मी जायचे आणायला, आई म्हणाल्या. ताई एकेक वाक्य इंग्रजीत करत होत्या आणि मध्येच त्यांचा आवाज बसत होता. मिस फान हसत होती. तिला सगळं गोड वाटत होतं. मी भिंतीला टेकून ऐकत होते. शेवयांची गोष्ट मला माहीत नव्हती. माझ्याच नवऱ्याची गोष्ट, आणि मला ती एका चिनी माणसामुळे कळली.

शेवया झाल्या. रस्सा, वर अंडं, कांद्याची पात. गाओकाकांनी पहिला वाडगा भरला आणि बाजूला ठेवला. "बेटा का," ते म्हणाले. आईंनी त्यावर ताटली झाकली.

हात धुवायला गाओकाका मागच्या अंगणात गेले, टॉवेल घेऊन मी मागे. ते नळापाशी थोडे जास्तच थांबले. दोरीवर धुणं वाळत होतं: दोन लुगडी, ताईंच्या साड्या, माझे ड्रेस. मग त्यांनी मागच्या दाराशी काढलेल्या चपलांकडे पाहिलं. सगळ्या बायकांच्या. घरात आलेल्या पुरुषाचं तिथं काहीच नव्हतं, साधा बनियन नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. टॉवेल त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, हात कोरडे केले, आणि घडी घालून परत दिला.

आत येऊन ते सगळ्यांबरोबर जेवले, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आईंना खुणेनं सांगितलं की रस्सा चांगला झालाय. मिस फाननं विचारलं, ब्रदर कधी येणार? तर त्यांनीच तिला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगून उठवलं. आम्ही फाटकापर्यंत पोचवायला गेलो. मिस फान पुढे झाली. गाओकाका थांबले. ते वर्गात भित्रे होते म्हणे, वाक्य पूर्ण करायचे नाहीत. इथं ते ताईंसमोर शाळेतल्या मुलासारखे ताठ उभे राहिले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मॅडम. युवर ब्रदर. ही विल टर्न अप."

"करेक्ट," ताई म्हणाल्या. सवयीनं गेलं ते तोंडातून. मग त्या फाटक धरून रडायला लागल्या.

आम्ही आत आलो तेव्हा आई पुन्हा खुर्चीत बसल्या होत्या. समोर झाकलेला वाडगा. मला वाटलं, आता उठून आत जातील, आणि उद्यापासून पुन्हा आमटीतलं मीठ.

"आई," ताई म्हणाल्या, "माझं चुकलं. मी वर्गात नुसतं उदाहरण दिलं होतं."

"कळलं मला. तो आला असता तर तू आधी मला सांगितलं असतंस." आई फोनकडे बघत होत्या. "चुकलं ते माझं. आज बोलते, मग मला काय म्हणायचं ते म्हणा."

आम्ही दोघी खालीच बसलो.

"आबा गेले त्या साली आपल्याकडे सण नव्हता. पाडव्याची सकाळ. हेमा, तू दुकानात गेली होतीस. फोन वाजला. मी उचलला. तर यशा."

मी पुढं सरकले.

"म्हणाला, आई, येऊ का?" आईंनी हात गळ्यापाशी नेला. "एवढंच विचारलं. मला ये म्हणायचं होतं गं. देवाशपथ. पण गळा असा आवळला, शब्दच फुटेना. तो आई, आई म्हणाला. मी ऐकत होते. त्याला वाटलं असेल, अजून बोलत नाही ही आपल्याशी. ठेवला त्यानं."

"पुन्हा?" ताईंनी विचारलं.

"पुन्हा फोन नाही आला."

"मी कुठं होते?" मी विचारलं.

आई माझ्याकडे बघेनात. "मागं नळावर होतीस. धुणं धूत."

नळ ते फोन, मध्ये एक स्वयंपाकघर. घरातून हाक मारली तर नळावर ऐकू येते, रोज येत होती. मी साबणाच्या हातानं धावत आले असते. मी ये म्हटलं असतं, नाही तर शिव्या घातल्या असत्या, रडले असते, काहीतरी आवाज त्याच्या कानावर गेला असता. त्या घरात त्याला हवा होता तो एक शब्द घेऊन मी मागच्या अंगणात बसले होते, आणि मला कुणी बोलावलं नाही. नंतरही नाही. फोननंतर लगेच कळलं असतं तर तो फोन कुठून आला ते शोधता आलं असतं, त्या साली तो कुठं होता ते कळलं असतं. इतकी वर्षं मी इंदूर, इंदूर करत बसले.

"मला सांगायचं होतंत," मी म्हटलं.

"कसं सांगू? नावच बंद करून ठेवलं होतं मी."

मी त्यांना बोलले त्या दिवशी. जे आलं ते बोलले, आणि त्यांनी ऐकून घेतलं. ताईंनी मला थांबवलं नाही. बोलून झाल्यावर आईंनी वाडग्यावरची ताटली काढली, तो माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "त्याचं तू खा." शेवया फुगून गार गोळा झाल्या होत्या. मी त्या खाल्ल्या, रडत रडत, सगळ्या. मला भूक लागली होती.

गाओकाकांचं कंत्राट संपलं आणि ते गावी गेले. त्यांच्या पँटी मी शिवून दिल्या होत्या. वर्गातल्या बाकीच्यांना त्यांनी काय सांगितलं कुणास ठाऊक, पण पुन्हा कुणी ताईंना भावाबद्दल विचारलं नाही.

आई त्यानंतर बरीच वर्षं होत्या. यशाचं नाव दिवसातून दहादा घ्यायच्या, भाजी आवडायची म्हणून, पाऊस आला म्हणून, काहीच कारण नसलं तरी. आणि फोन कुणाला उचलू द्यायच्या नाहीत. वाजला की खुर्चीतून हात लांब करायच्या आणि हॅलो न म्हणता आधी म्हणायच्या, "ये." ताईंच्या मुख्याध्यापिका, ब्लाउज झाला का विचारणाऱ्या बायका, विमा विकणारी पोरं, चुकून लागलेले नंबर, सगळ्यांना ये. लोक घाबरायचे. काही हसायचे. आम्ही कधी हसलो नाही.

त्या गेल्या तेव्हा आम्ही थांबलो, जितकं थांबता आलं तितकं. नंतर भाऊबंद म्हणाले, आता उशीर नको. पाणी पुतण्यानंच पाजलं.

आता घरात ताई आणि मी. दोघींकडे मोबाइल आहेत. टेलिफोन ऑफिसचा माणूस दर वर्षी विचारतो, मॅडम, ही लाइन कशाला ठेवता, कुणीच ठेवत नाही आता. त्याला काय सांगणार, नंबर तोच हवा म्हणून. मशीन मी व्हरांड्यातून आत आणलंय, स्टुलाजवळ. फोन वाजला की पाय थांबतात. मी रिसीव्हर उचलते, आधी ये म्हणते, आणि मग विचारते, कोण बोलतंय.